रिपोर्ट आजचा, हिशोब तीन महिन्यांपूर्वीचा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३३. सव्वा वर्ष प्रयत्न चालू आहेत. परवा सीमेन टेस्ट केली तर काउंट ९ मिलियन आला आणि मोटिलिटीपण (शुक्राणूंची हालचाल) कमी. लॅबवाला म्हणाला १६ च्या वर पाहिजे. गेल्या महिन्यात पाच दिवस सणकून ताप होता, पण त्याचा याच्याशी काय संबंध असणार? आता डायरेक्ट आयव्हीएफ का? झोप उडालीय.

उत्तर : संबंध आहे, चांगलाच आहे. शुक्राणू काही रात्रीत तयार होत नाहीत, वृषणात त्यांना घडायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात, मग पुढचे काही दिवस ते एपिडिडिमिस नावाच्या बारीक नळीत काढतात (ही वेटोळं करून बसलेली नळी सरळ केली तर सहा मीटर भरेल!) आणि पोहण्याची ताकद त्यांना तिथेच येते. म्हणजे परवा तुम्ही जे सॅम्पल दिलं ते तापाच्या आधी घडायला लागलेलं आणि ऐन तापात सापडलेलं होतं. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार डिग्री कमी तापमान लागतं, म्हणूनच तर ते पोटात नसून बाहेर आहेत, त्यामुळे पाच दिवसांच्या तापाने काउंट खाली जाणं यात नवल काही नाही. ताप उतरल्यापासून तीन महिने होऊ द्या आणि टेस्ट परत करा, एका रिपोर्टवर कुठलाच निर्णय घ्यायचा नसतो.

आता तो १६ चा आकडा. तो पास-नापासचा नाही हो. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले त्यांचे काउंट डब्ल्यूएचओने मांडले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेघ २०२१ च्या मॅन्युअलमध्ये एका मिलिलिटरला १६ मिलियनवर आली. म्हणजे त्या रेघेखालचेही बाप झालेलेच आहेत. ९ कमी आहे हे खरं, पण ९ म्हणजे शून्य नव्हे.

पुढच्या वेळी आधी दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवा आणि सॅम्पलचे पहिले थेंब सांडू देऊ नका, कारण बहुतेक शुक्राणू पहिल्याच भागात असतात. बरेच जण ते सांडतात आणि लाजून लॅबला सांगत नाहीत, मग काउंट उगाच कमी येतो. घरून नेणार असाल तर खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोचवा.

पण तीन महिने नुसते बसून राहू नका, वर्ष उलटलंय तेव्हा दोघांचीही तपासणी आत्ताच सुरू करा. तुमच्यात व्हेरिकोसील (वृषणाच्या वरच्या शिरा फुगणं) आहे का ते यूरॉलॉजिस्टकडून बघून घ्या. उभं करून, जोर लावायला सांगून डॉक्टर हाताने तपासतात, फुगलेल्या शिरा गांडुळांच्या गुंत्यासारख्या लागतात, बहुतेक वेळा डावीकडे. दर शंभरात पंधराएक पुरुषांना हे असतं आणि सगळ्यांना त्रास होतोच असं नाही.

प्रश्न : सर, वय २७. जिममध्ये एकाने सांगितलं म्हणून आठ महिने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली. बॉडी मस्त झाली पण अंडकोष बारीक झालेत आणि रिपोर्टमध्ये स्पर्म निल! हे पुरुषांचंच हार्मोन ना, मग उलटं कसं झालं?

उत्तर : मित्रा, उलटं नाही झालं, जे व्हायचं तेच झालं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं खाली भरपूर माल आहे, मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडायचं बंद करते आणि वृषणांचं काम थांबतं. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते इंजेक्शनने तिथे पोचत नाही. १९९० च्या सुमारास डब्ल्यूएचओने हेच हार्मोन दर आठवड्याला टोचून पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचण्या घेतल्या होत्या, यावरून काय ते समज. (आणि काउंट कमी म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणारेही भेटतात मला, त्यांना काय म्हणायचं!)

बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, सहा महिने ते वर्ष, काहींना दोन वर्षंही लागतात. इंजेक्शन बंद करायचंच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण मधले काही आठवडे थकवा येतो, मूड पार जातो आणि पोरं परत सुईकडे वळतात. एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन तपासून घे. आणि ‘सायकल (इंजेक्शनांचा कोर्स) संपल्यावर घ्यायच्या’ म्हणून जिममध्ये ज्या गोळ्या मिळतात त्या स्वतःच्या मनाने अजिबात नकोत.

प्रश्न : माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या, नॉर्मल आहेत. नवरा मात्र टेस्टच करत नाही. म्हणतो, संबंधांत काही प्रॉब्लेम नाही, वीर्यही भरपूर येतं, मग मी कशाला?

उत्तर : ताई, त्यांना एवढंच सांगा की वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकी सगळं वीर्यकोश आणि प्रोस्टेटचं पाणी. नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्यही दिसायला तेवढंच असतं! डोळ्यांनी काही कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. तुम्ही सुया, सोनोग्राफी सगळं सोसलंत, त्यांना एक डबी भरून द्यायचीय, तीही बऱ्याच ठिकाणी घरून चालते. हा उत्तराचा भाग त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा हवं तर.

प्रश्न : टाइट अंडरवेअर, मांडीवर लॅपटॉप, झिंकच्या गोळ्या, यातलं खरं किती?

उत्तर : लॅपटॉप टेबलावर ठेवा, गरम पाण्याच्या टबात तास तास बसू नका. अंडरवेअरचं म्हणाल तर २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुष तपासले, सैल घालणाऱ्यांत दर मिलिलिटरमधली शुक्राणूंची संख्या २५ टक्के जास्त निघाली, पण टाइटवाल्यांचीही बहुतेक नॉर्मलमध्येच होती. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडवर २,३७० जोडप्यांची मोठी ट्रायल २०२० मध्ये आली, काही फायदा दिसला नाही. त्यापेक्षा सिगारेट-तंबाखू सोडा, वजन जास्त असेल तर उतरवा. आणि संबंधांच्या वेळी लुब्रिकंट वापरत असाल तर ते शुक्राणूंना चालतं का हे पाकिटावर बघून घ्या, बरीचशी लुब्रिकंट शुक्राणूंची हालचाल मंदावतात आणि थुंकीसुद्धा तेच करते.