पहिल्यांदा दाढ काढताय? एवढं सांभाळा

घाबरू नका. सुई टोचते तेवढंच, मग पाच-दहा मिनिटांत हिरडी बधिर होते. दाढ हलवताना दाब जाणवतो, कट्कन आवाजही येतो, पण कळ येत नाही. आलीच तर हात वर करा, डॉक्टर औषध वाढवतात.

उपाशी जाऊ नका. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

चुका होतात त्या नंतर. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच आतल्या हाडाचं झाकण. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. म्हणून:

- बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखा काढून बघू नका. तासगाव-विट्याहून सांगलीला आला असाल तर रक्त थांबल्यावरच एसटी धरा.
- 24 तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉ बंद. लाळ गिळा, ती गुलाबी दिसणारच.
- तंबाखू, बिडी किमान 3 दिवस नको. मिश्रीसुद्धा! भाजली तरी ती तंबाखूच.

बधिरपणा 2 ते 4 तास राहतो, तोवर गाल चावला जातो नि चहानं तोंड भाजतं. त्यानंतर गार दहीभात खा. भडंग आठवडाभर लांब ठेवा, कण खड्ड्यात अडकतात. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात हलकेच फिरवा, जोरात खुळखुळू नका. पुन्हा बोळा चावूनही रक्त थांबेना, ताप आला किंवा सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत गेली, तर थेट डॉक्टरांना फोन करा.