धार काढताना गोठ्यात गाणी लावावीत का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गोठ्यात गाणी लावल्याने दूध वाढते, असे ऐकले. त्यासाठी स्पीकर घ्यावा का? (संगमनेर)

उत्तर : या समजुतीला बळ मिळाले ते इंग्लंडमधील लीस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगामुळे. सुमारे एक हजार होल्स्टीन फ्रिजियन गायींना नऊ आठवडे निरनिराळ्या लयीचे संगीत ऐकवले असता, संथ संगीताच्या काळात गायीमागे रोज ०.७३ लिटर, म्हणजे सुमारे ३ टक्के दूध अधिक मिळाले. द्रुत संगीताने फरक पडला नाही. चार-सहा गायींच्या गोठ्यात एवढी वाढ वैरणीतल्या रोजच्या फरकातच झाकली जाते, त्यामुळे केवळ दुधासाठी स्पीकर घेऊ नये.

प्रश्न : मग संगीताचा पान्ह्याशी काहीच संबंध नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : आहे, पण तो भीतीच्या मार्गाने येतो. सड धुऊन पुसताना मेंदूकडे संदेश जातो, रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक उतरते आणि साधारण मिनिटाभरात कासेतले दूध सडांकडे येते, हाच पान्हा. हा असर काही मिनिटांत ओसरत असल्याने धार त्याच वेळात पुरी व्हावी लागते. गाय बिचकली की ही साखळी तुटते. अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ मध्ये पान्हा कसा अडतो हे पाहण्यासाठी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कागदी पिशव्या फोडल्या (मांजराला काय वाटले, याची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही). पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गायींशी आधी दांडगाईने वागलेला माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिल्याने कासेत अडकून राहणारे दूध ७० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शेवटच्या धारांना फॅट सर्वाधिक असते, म्हणजे ओरडणाऱ्या गड्याचा भुर्दंड डेअरीच्या पावतीवरही उमटतो. मंद, सलग संगीत दाराचा धडाका किंवा बादलीचा खणखणाट थोडाफार झाकते, एवढेच त्याचे काम. आरडाओरड थांबवणे हा पहिला उपाय होय.

प्रश्न : रेडिओ लागताच आमच्या गायी उठून उभ्या राहतात. त्यांना गाणी आवडतात काय? (फलटण)

उत्तर : आवडीपेक्षा ती खूण असण्याचा संभव अधिक. आंबोणाची (भिजवलेल्या खुराकाची) पाटी वाजली तरी त्या अशाच उठत असतील. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी धारेच्या वेळी नियमाने संगीत लावले, तेव्हा स्वयंचलित दूधयंत्राजवळ आपणहून येणाऱ्या गायी वाढल्या. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रश्न : भजने लावावीत की सिनेगीते, आणि आवाज किती ठेवावा? (बारामती)

उत्तर : प्रकार गौण, लय संथ असावी. शेजारी उभ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावे, इतपतच आवाज ठेवावा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, तर गायीला सुमारे ३५,०००पर्यंत. त्यामुळे करकरणारा फाटका स्पीकर आपल्यापेक्षा तिलाच अधिक जाचतो.

प्रश्न : वीज गेली, रेडिओ बंद पडला की एक गाय पान्हा चोरते. काय करावे? (सांगोला)

उत्तर : तिची सवय एकट्या रेडिओवर टांगू नका. आंबोण देणे, कास धुणे, सड पुसणे यांचा क्रम, वेळ आणि शक्यतो माणूसही तोच ठेवा. चोरी अचानक सुरू झाली असेल, तर सडाला चीर किंवा दगडीची (कासदाहाची) सुरुवात नाही ना, हे आधी तपासा. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नका. वरचेवर दिल्यास गाय त्याशिवाय नीट पान्हवेनाशी होते.