इंजिन बांधलंय, पण लगेच चावी मारू नकोस

भावा, मारुती ८०० चं इंजिन बांधून झालं म्हणून लगेच स्टार्ट नको करू, आत ऑइलच्या सगळ्या वाटा कोरड्या असतात आणि नवीन बेअरिंग काही सेकंदांतच ओरखडतात. ऑइल पंप बसवतानाच त्यात साधं व्हॅसलिन भरायचं होतं, ग्रीस नाही हं, व्हॅसलिन विरघळून जातं आणि तोवर पंपाला ऑइल ओढायला पकड मिळते. ड्रिलने पंप फिरवायचा जुगाड इथे चालत नाही कारण पंप थेट क्रँकवरच, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच आहे. मग काय, ८०० ला तीनच सिलिंडर, तर तीनही स्पार्क प्लग काढ, ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर सोडव, ऑइल भर आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मार, मध्ये त्याला थंड होऊ दे. डॅशबोर्डवरची ऑइलची लाइट विझली तरी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडून रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांवर) ऑइल आलंय का ते डोळ्याने बघ, मगच प्लग लाव.