नवरा सातपूरला भट्टीवर, तंबाखू खातो; माझं वजन जास्त, पाळी अनियमित. वर्षभर मूल राहत नाही, आधी काय बदलू?

तपासणी दोघांची एकदमच सुरू करा. आपल्याकडे बाईच्या सोनोग्राफ्या होत राहतात आणि स्वस्त, सोपी वीर्यतपासणी मागे पडते. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. नमुना घरून नेणार असाल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवा.

वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं, म्हणून भट्टीसमोरच्या शिफ्ट नडतात. जमल्यास काही महिने विभाग बदलून मागा. तंबाखू, गुटखा, मिश्री दोघांनीही बंद. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे फरक 3 महिन्यांनी दिसेल. पंधरवड्यात पुन्हा तपासणं म्हणजे पैसे वाया. सुट्टीत गावी द्राक्षबागेत फवारणी करत असतील तर मास्क, हातमोजे हवेतच. आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतात का, हे स्पष्ट विचारा. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि शुक्रजंतू शून्यावरही जातात. 'ताकदीचं' म्हणून हेच खपवतात!

तुमचं वजन 80 किलो असेल तर 4 ते 8 किलो उतरलं तरी पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा त्रास) अंडं पुन्हा नियमित सुटू शकतं. कडक उपास मात्र नकोत, त्यानेही पाळी बिघडते. थायरॉइड तपासा. फॉलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम आत्तापासून; वजन बरंच जास्त असेल तर डोस डॉक्टर ठरवतील. पाळी अनियमित आहे, त्यामुळे वजन उतरायची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना याच महिन्यात भेटा.