डिकीची काच गळतेय : सिलिकॉन की पीयू?

प्रश्न : अण्णा, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, रोज जांबोटी साइडला जाणं-येणं असतंय. गाडी छोटी हॅचबॅक, के ए २२ पासिंग, सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यात डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठायला लागलं, बघितलं तर मागच्या काचेचा खालचा डावा कोपरा सुटलाय, बोटानं दाबला की हलतोय आणि कडेनं पांढरट सिलिकॉन दिसतंय, म्हणजे आधीच्या मालकानं कुठंतरी लावून घेतलेलं. आता टिंकरिंगवाला म्हणतोय वरनं अजून एक हात सिलिकॉन मारू, मेव्हणा म्हणतोय एम-सील भर, दुकानदार म्हणाला पीयू घ्या पण त्याच्याकडं होतं ते गच्चीच्या भेगा भरायचं. नेमकं काय घ्यायचं आणि घरी जमतंय का? मृग लागायच्या आत उरकायचं हाय.

उत्तर : कोपरा हलतोय म्हणालात ना, मग हे नुसतं गळती बंद करायचं काम राहिलं नाही, काच पुन्हा बसवायचं काम झालंय. वरनं काहीही फासलं तरी आतली पकड सुटलेली ती सुटलेलीच.

मागची काच दोन तऱ्हेनं बसवलेली असते, जुन्या गाड्यांत रबरी बीडिंगमध्ये आणि आताच्या बहुतेक गाड्यांत डायरेक्ट पत्र्याला चिकटवून. तुमची चिकटवलेली दिसतेय, आणि तिला लागतं ते पीयूच, म्हणजे पॉलियुरेथेन. पण दुकानदारानं दाखवलं ते नव्हे. गच्चीचं पीयू मऊ असतं, भेग उघडमीट झाली तरी ताणून घ्यावं म्हणून. काचेचं पीयू घट्ट, रबरासारखं थोडं हलणारं पण काच जागेवर धरून ठेवणारं, कारण डिकी आपण धाडकन आपटतो, आणि जांबोटीच्या रस्त्यावर पत्रा दिवसभर पिळवटत असतो. ट्यूबवर विंडशील्ड किंवा ऑटो ग्लास असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नसेल तर ठेवा परत. एमएस पॉलिमर नावाचंही एक मिळतं, उन्हाला ते जास्त टिकतं, पण गाडीच्या काचेसाठीच बनवलेलं नसेल तर ते बाहेरच्या सीलिंगपुरतंच वापरा.

आता सिलिकॉनचं. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि जिथं पत्र्याचा रंग खरचटलाय तिथं गंज धरायला त्याची मदतच होते. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर पीयू धरत नाही, प्राइमर धरत नाही, रंगसुद्धा फाटतो. म्हणजे टिंकरिंगवाल्याचं ऐकलात तर पुढच्या वर्षीच्या कामाचाही आत्ताच सत्यानाश. आणि एम-सील तर काचेपुढं नकोच. ते दगडासारखं कडक होतं, एप्रिलच्या उन्हात पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो, मधे कडक माल असला की एक तर तो तरी सुटतो नाहीतर काचेवर ताण येतो.

घरी जमतंय का, तर काच काढायचं काम घरी नको असं माझं स्पष्ट मत. समोरची काच दोन थरांची असते, तडा गेला तरी जाग्यावर राहते. मागची बहुतेक टफन्ड असते, कडेला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जरा चुकीचं लागलं की अख्खी काच खडीसाखरेसारखी डिकीभर. काचवाले आतनं तार घालून दोघंजण ओढून जुनं पीयू कापतात, ते त्यांनाच करू द्या. डिफॉगरची, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम पट्ट्यांची, वायर आणि वायपर आधी सोडायला लावा. पण पुढचं काम होताना तुम्ही तिथं उभं राहा, कारण खरा घोटाळा तिथंच होतोय.

जुनं पीयू जिथं पत्र्याला घट्ट आहे तिथं ते मुळापासून खरवडायचं नाही, धारदार पात्यानं एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून कापायचं, ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवं पीयू सगळ्यात छान धरतं. सिलिकॉन मात्र एक कणभरही ठेवायचं नाही. डोळ्याला दिसत नसलं तरी उरलेलं असतं, म्हणून पुसून झाल्यावर तिथं पाणी शिंपडून बघा, थेंब गोल-गोल होऊन पळाले तर अजून आहे. गंज दिसला तर घासून चकचकीत पत्रा, मग गंजरोधक प्राइमर, मग रंग, आणि तो पुरता वाळेपर्यंत काच बसवायची नाही, एक दिवस गाडी तशीच पडली तरी चालेल. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, थिनर-रॉकेल नको, रॉकेलचा तेलकटपणा मागं राहतो.

काचेच्या कडेला काळा पट्टा असतो बघा, तो शोभेचा नाही. पीयूला ऊन सोसत नाही, तो पट्टा ऊन अडवतो. तो कुठं खरवडला असेल तर काचेचा काळा प्राइमर लावलाच पाहिजे, कंपनीनं सांगितलाय तेवढा वेळ सुकू देऊन. "प्राइमर कशाला साहेब, न लावता पण बसतंय" असं म्हणतील, बसतंय खरं, पहिल्या पावसापर्यंत.

ट्यूबची तारीख बघा. हे पीयू हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेली ट्यूब आतनं गोळा झालेली असते. नोझलला व्ही आकाराची खाच पाडून उभी त्रिकोणी रेघ सलग ओढायची, मधे तोडायची नाही, आणि वर साय धरायच्या आत काच टेकवायची. आपल्याकडं लोक म्हणतात पावसाळ्यात हे वाळत नाही. उलट आहे, दमट हवेत साय लवकर धरते, फक्त काच आणि पत्रा कोरडे पाहिजेत. काच खाली सरकू नये म्हणून खाली रबरी ठोकळे, वरनं मास्किंग टेप, आणि एक दिवस तरी गाडी हलवू नका, खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते.

एक राहिलं. काच बसवून झाल्यावर पण स्टेपनीत पाणी आलं तर लगेच काचवाल्याच्या अंगावर जाऊ नका. टेल लॅम्पचं गॅस्केट, वरचा ब्रेक लाइट, वायपरच्या दांड्याचं रबर, डिकीत वायर जाते तिथलं रबर, हे सगळे चोर आहेत. आत एकाला टॉर्च देऊन बसवा, सांध्यांवर आतनं पावडर मारा, बाहेरनं पाइपनं पाणी खालनं वर वर न्या, वरनं सुरुवात केलात तर सगळीकडंच ओलं होतंय आणि काही कळत नाही. पावडरीत ओघळ उठला की तिथंच.

प्रश्न (निपाणी) : आमच्या जुन्या ओम्नीची मागची काच रबरात आहे, कोपऱ्यातनं झिरपतंय. तिलापण हेच पीयू भरू काय?

उत्तर : नको. रबरवाल्या काचेला घट्ट होणारा माल लावलात तर पुढं काच काढताना रबर फाटेल. न वाळणारं सीलंट मिळतं, रबराची ओठी प्लास्टिकच्या पट्टीनं उचलून काच आणि रबर, तसंच रबर आणि पत्रा या दोन्ही फटीत भरायचं, बाहेर आलेलं पुसून घ्यायचं. रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर पैसे सीलंटवर घालवू नका, नवं बीडिंगच टाका. बदलताना रबराच्या खाली पत्रा कुजलाय का तेवढं बघा, पाणी तिथंच मुरतं.

प्रश्न (चिकोडी) : काच बसवताना डिफॉगरची वायर जोडायची पत्र्याची टिकली तुटून आली. फेविक्विकनं चिकटवली, डिफॉगर चालेना.

उत्तर : चालणार कसा, फेविक्विकमधनं करंट जात नाही. ते पूर्ण खरवडून काढा, खालची डिफॉगरची पट्टी न खरडता, आणि चांदीमिश्रित कंडक्टिव्ह इपॉक्सी लावा. चोवीस तास बटण दाबू नका.