गुडघा सरळ होतो का, ते आधी बघा

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यातला, वय २६. कबड्डीत उजवा गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं आतून जोडणारं लिगामेंट, तुटलं. ऑपरेशनला ९ आठवडे झाले. काठी सुटली, दुखतही नाही, तरी लंगडतो. आई रात्री गुडघ्याखाली उशी ठेवते, तेव्हा बरं वाटतं. नवीन लिगामेंट ढिलं तर पडलं नसेल? केळीची कापणी आलीय, घड उचलायला जाऊ का?

उत्तर : भाऊ, ती उशी आजच काढा. आईंची माया मला कळते, पण गुडघा रात्रभर वाकलेला राहिला की तसाच आखडतो, आणि माझ्या मते तुमच्या लंगडण्याचं मूळ तिथेच आहे. ढिलं लिगामेंट वेगळं कळतं. वळताना किंवा उतारावर गुडघा निसटल्यासारखा होतो. तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

चालताना टाच टेकते तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो. वजन आलं की तो १५-२० अंश वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला ब्रेक लावतो. ऑपरेशननंतर सांध्यात थोडी जरी सूज उरली, तरी हा स्नायू नीट आवळत नाही. मग शरीर गुडघा अर्धवट वाकवून ताठ धरतं आणि भार कंबरेवर ढकलतं. म्हणून दुखणं थांबलं तरी लंगडणं थांबत नाही.

घरीच बघा. जमिनीवर उताणे झोपा आणि आईंना दोन्ही गुडघ्यांखालून हात सरकवायला सांगा. उजव्याखाली जास्त जागा असेल, तर गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये. मग अंगणात पाणी शिंपडून, सपाट जागी, अनवाणी दहा पावलं चाला आणि ठसे बघा. बहुतेक उजव्या टाचेचा ठसा पुसट दिसेल आणि डावं पाऊल जवळच पडलेलं असेल. लोकांना वाटतं, आखूड पाऊल दुखऱ्या पायाचं. तसं नसतं. उजव्यावर उभं राहायचा भरवसा नाही, म्हणून डावं घाईने टेकतं.

उजव्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा. १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. त्यातच मांडी आवळून ५ सेकंद धरा. काठी परत घ्या, पण डाव्या हातात. लंगडत मैलभर जाण्यापेक्षा काठी घेऊन नीट शंभर पावलं बरी. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सरळ करताना पुढे काहीतरी अडतं, तर सर्जनना दाखवा. कधी कधी आत व्रणाची गाठ होते. पोटरी सुजून दुखू लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घड उचलायचं या कापणीला नाही म्हणजे नाहीच. बसवलेल्या ग्राफ्टला, म्हणजे नव्या लिगामेंटला, नव्याने रक्तपुरवठा होत असतो आणि या काळात तो ऑपरेशनच्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. ठिबकच्या ओल्या मातीत खांद्यावर २०-२५ किलो घेऊन वळलात, तर पाय रुततो आणि गुडघा पिळतो. यंदा बांधावर बसून घड मोजा. कबड्डी ९ महिन्यांच्या आत नाही, तीही ताकदीची चाचणी झाल्यावर.

पंधरा दिवसांनी पुन्हा अंगणात पाणी शिंपडा. डाव्या पावलाचं अंतर किती वाढलं, ते वितीने मोजून मला कळवा.