आधी टोपी काढायला सांग

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाळिशीचा माणूस, पायाचं एक बोट सुजलेलं, युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं. तू केसपेपरवर ‘गाऊट’, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा संधिवात, असं लिहिलंस. मग रजिस्ट्रारने त्याला टोपी काढायला लावली, तर केसांत आणि कानामागे जाड पांढरे पापुद्रे निघाले. निदान सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या संधिवातावर गेलं. आणि तू मला विचारतेस, ‘मॅडम, हे मला कसं कळणार होतं?’

टोपी काढून कळणार होतं. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

त्वचा आणि अस्थिरोग हे छोटे विषय आहेत, शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ बघून होतील, असं तुमच्या बॅचमध्ये म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्यावर वाद घालत नाही. पण फोटो बघून रोग लगेच ओळखता येतो आणि पेशंट समोर आला की काही सुचत नाही, असंही तू लिहिलंस. त्याचं कारण सांगते. फोटोत दुसऱ्या कुणीतरी आधीच कपडा बाजूला केलेला असतो, उजेड पाडलेला असतो, नेमकी जागा निवडून दिलेली असते. ओपीडीत ते सगळं तुला करायचं असतं, आणि ते तू करत नाहीस. कपडा बाजूला कर, खिडकीच्या उजेडात बघ, हात लाव. या तीन गोष्टींच्या आधी निदानाचा विचारसुद्धा करू नकोस.

तुझ्या त्या पेशंटकडेच परत येऊ. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि मरतात, त्यामुळे युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसू शकतं. म्हणजे तुझ्या हातातला रिपोर्ट खरा होता, तरी त्याने तुला चकवलं. बोट नुसतं सांध्यापाशी सुजलं होतं की मुळापासून टोकापर्यंत सगळंच? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे होते का? बेंबी पाहिलीस? नितंबांमधली फट? सोरायसिस तिथे वर्षानुवर्षं लपून राहतो आणि पेशंट त्याला कोंडा नाहीतर घामोळं समजतो. बहुतेकांना आधी त्वचेचा त्रास होतो आणि सांधे नंतर धरतात. काहींचं उलटं असतं, म्हणून आईवडील, भावंडं यांचंही विचारायचं. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) अशा माणसात बहुधा निगेटिव्ह येतो आणि ‘संधिवात नाही’ म्हणून त्याला घरी पाठवतात. त्वचेवाले सांध्याकडे बघत नाहीत, हाडवाले त्वचेकडे बघत नाहीत, आणि माणूस दोन्ही खिडक्यांवर केसपेपर काढत फिरतो.

हातांचंही तसंच. बाईच्या बोटांवर जांभळट पुरळ आहे, एवढ्यावर थांबू नकोस. तिचा हात आपल्या हातात घे आणि पुरळ नेमकं कुठे आहे ते बघ. सांध्यांच्या उंचवट्यांवर असेल तर डर्माटोमायोसायटिसचा, म्हणजे त्वचा आणि स्नायू दोन्ही धरणाऱ्या रोगाचा, विचार कर. सांधे सोडून मधल्या जागेत असेल तर ल्यूपसकडे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या रोगाकडे, लक्ष जाऊ दे. मग विचार, केस विंचरताना हात वर राहतात का, एसटीची पायरी चढवते का, उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता येतं का. ‘अंग दुखतं’ आणि ‘अंगात जोरच नाही’ यातला फरक अशा प्रश्नांतून कळतो. आणि पुस्तकातली लाली आपल्या लोकांच्या सावळ्या अंगावर शोधत बसू नकोस. तिथे ती जांभळट, करडी, कधी नुसती काळपट दिसते. हाताची मागची बाजू लावून बघ, गरम लागतं.

नायट्याचं थोडक्यात सांगते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब महिनाभर चोळून आलेल्या माणसाच्या मांडीवर पुस्तकातलं गोल कडं तुला सापडणार नाही. ट्यूब घेऊन यायला सांग, कंबर आणि जांघ उघडून बघ, कडेची खवली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घाल.

आता कुष्ठरोग. इथे मी चिडणार आहे, आधीच सांगून ठेवते. २००५ साली देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि ‘निर्मूलन’ जाहीर झालं. तेव्हापासून तुमच्या पिढीला हा रोग इतिहासातला वाटतो. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे लोक तुझ्याच ओपीडीत येतात. फक्त ते ‘चट्टा आहे’ म्हणत नाहीत. करंगळीला मुंग्या येतात म्हणतात, हातातून भांडं निसटतं म्हणतात, चप्पल पायातून कधी गळाली कळलं नाही म्हणतात. त्यांना मानेचा एमआरआय लिहून दिला जातो. कुष्ठरोगात मज्जातंतू जाड होतात आणि करंगळीकडे जाणारा मज्जातंतू कोपरामागून जातो, पण कोपराला कुणी हात लावत नाही.

बोटं या रोगाने सडून गळतात ही समजूत अजून डॉक्टरांमध्येही सापडते. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिलं की संवेदना गेलेला हात भाजतो, कापतो, ते कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं त्यातून जातात. मज्जातंतू नव्याने सुजला असेल, हाताची ताकद जाऊन सहा महिने झाले नसतील, तर वेळेवर दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ती बरीच परत येऊ शकते. उशीर झाला की बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, सहा किंवा बारा महिन्यांत कोर्सही पुरा होतो, पण पंजा वाकडा तो वाकडाच. मग शस्त्रक्रियेची वाट बघायची.

असे वाकडे पंजे मी फार पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या पिशवीत जुन्या केसपेपरांची चळत असायची आणि एकावरही ‘मज्जातंतू तपासले’ असं लिहिलेलं नसायचं. म्हणून मी हट्टी झाले. माझी ओपीडी संथ चालायची, बाहेर रांग लागायची, बैठकीत पेशंटची संख्या मोजून दाखवली जायची. ‘एवढ्याशा चट्ट्यासाठी माणसाला टेबलावर झोपवता कशाला?’ असं तोंडावर विचारलं गेलं. मी पदरच्या पैशांनी पडदा लावला आणि झोपवतच राहिले. आजही म्हणेन, मी बरोबर होते. त्या टेबलावर पाठीवरचे चट्टे निघाले, जे पेशंटने स्वतः कधी पाहिलेच नव्हते. खंत एवढीच आहे की हा हट्ट माझ्या एका खोलीपुरता राहिला. शेजारच्या अस्थिरोग विभागात जाऊन तिथल्या मुलांना कोपर धरायला शिकवायला हवं होतं. तेवढं बळ मी भांडणात घालवलं.

तर तू शिक. पेशंटचा कोपर किंचित वाकवून धर, आतल्या हाडाच्या मागच्या खोबणीत बोटं ठेव, करंगळीकडे जाणारा अल्नर मज्जातंतू हलकेच फिरव. दोन्ही बाजू ताडून बघ. बोटं कोपरावर, पण नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेव. दुखलं तर तिथे आधी दिसेल. मान दुसरीकडे वळवायला सांग आणि कानाखालून जाणारा मज्जातंतू दिसतो का बघ. गुडघ्याच्या बाहेर, हाडाच्या मानेपाशी तिसरा. निरोगी कसा लागतो हे माहीत नसेल तर जाड झालेला कसा कळणार? होस्टेलमधल्या मैत्रिणींचे कोपर आधी धर. चट्ट्यावर कापूस टेकवताना पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी चांगल्या त्वचेवर दाखव, मग डोळे मिटायला सांग आणि बोटाने जागा दाखवायला लाव. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते, तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नकोस.

पुरुष पेशंटला शर्ट काढा म्हणायला संकोच वाटतो, असं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. वाटणारच, मलाही वाटायचा. सिस्टरना बोलाव, पडदा ओढ आणि सरळ म्हण, ‘काका, पाठ बघायची आहे, शर्ट काढता का?’ शंभरातले बहुतेक काढतात, कारण आजवर त्यांना कुणी नीट बघितलेलंच नसतं. एखादा नाही म्हणाला तर ‘तपासणीस नकार’ असं केसपेपरवर लिही. पण न बघता ‘त्वचा नॉर्मल’ असं माझ्या विद्यार्थिनीच्या हातून लिहिलं गेलेलं मला चालणार नाही.

तुझी,
मॅडम